जुन्या पिकअप गाडीस मोठे इंजिन बसविण्यापूर्वी

शेतमाल वेळेवर बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीची लहान मालवाहू गाडी, म्हणजे पिकअप, बाळगली आहे. त्यांतील पुष्कळ गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या असून त्यांच्याकडून शेणखतापासून टोमॅटोच्या जाळ्यांपर्यंत सर्व प्रकारचे ओझे वाहून घेतले जाते. गाडी चढावर ओढत नाही, घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, ही अशा गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार असते. त्यावर गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो. जुने इंजिन काढून टाकावे, भंगारात निघालेल्या एखाद्या मोठ्या गाडीचे इंजिन आणावे आणि ते या गाडीत बसवावे. एकदाच खर्च, पुढे कायमची निश्चिंती. हा सल्ला ऐकावयास सोपा आहे. तो अमलात आणण्यापूर्वी गाडीत बसविलेल्या शक्तीचा मार्ग इंजिनापासून चाकापर्यंत कसा जातो, आणि चढ संपून उतार लागल्यावर तिचे काय होते, हे नीट समजून घेणे अवश्य आहे.

इंजिन बदलण्याची कल्पना महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास नवी नाही. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या जीप व मोटारी डिझेलवर आणण्याची चाल पडली. पेट्रोल जीपचे मूळ इंजिन २,१९९ घन सेंटिमीटरचे होते. पुढे १९८० च्या दशकात महिंद्र जीपमध्ये जे प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन आले, ते २,११२ घन सेंटिमीटरचे, म्हणजे आकारमानाने किंचित लहानच होते. त्याच्या नावातील ‘४.९०’ हे आकडे चार सिलिंडर व ९० मिलिमीटर व्यास दाखवीत. तेव्हाचा हेतू इंधनाच्या खर्चात बचत करण्याचा होता. आज मोठे इंजिन बसविण्यामागे हेतू वेगळा असतो: अधिक ओझे, अधिक वेगाने.

चढावर किती शक्ती लागते?

हे गणित अवघड नाही. गाडी व माल मिळून २,५०० किलो वजन धरावे आणि रस्त्याचा चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर अंतरात एक मीटर उंची, असा धरावा. वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे सुमारे १६७ किलो इतका ओढा गाडीला मागे खेचीत असतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांच्या घर्षणापोटी दर हजार किलोस सुमारे १५ किलो, म्हणजे आणखी ३७ ते ३८ किलो ओढा धरावा लागतो. एकूण २०४ किलो झाले. ताशी २० किलोमीटर वेगाने चढण्यासाठी चाकापाशी १५ अश्वशक्ती पुरते. गिअर व इतर जोडांत जाणारी घट जमेस धरली तर इंजिनाने १८ अश्वशक्ती द्यावयास हवी. ताशी ४० किलोमीटर वेग हवा असल्यास ३६. म्हणजे ६० अश्वशक्तीचे जुने परंतु निरोगी इंजिन या चढावर अडावयास कारण नाही.

ओढीचा हिशेबही असाच करता येतो. इंजिनाचा फिरविण्याचा जोर, ज्यास कारागीर टॉर्क म्हणतात, १२ किलोग्रॅम-मीटर धरला, दुसरा गिअर २.३ पट व मागील आसाचे दाते ५ पट असले, तर चाकापाशी सुमारे ३३५ किलो ओढ मिळते. लागते २०४ किलो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असता दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास असतो. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चालते, यात दोष काहीच नाही. तिची रचनाच तशी आहे. मात्र २,५०० च्या जागी ३,५०० किलो वजन झाले की ओढा २८६ किलोवर जातो, आणि तोच दुसरा गिअर अपुरा वाटू लागतो. पुष्कळ वेळा इंजिनाविरुद्धची तक्रार ही खरे पाहता ओझ्याविरुद्धची तक्रार असते.

शक्ती कोठे हरवते?

इंजिनाने पूर्वी जे काम केले ते आज होत नसेल, तर नवे इंजिन शोधण्याआधी जुने का थकले ते पाहावे. तपासणीस एक दिवस पुरतो आणि तिचा खर्च इंजिनाच्या किमतीपुढे नगण्य असतो.

आरंभ अगदी साध्या गोष्टीपासून करावा. चालकाने पाय पूर्ण दाबला असता इंधन पंपावरील तरफ शेवटच्या टोकापर्यंत जाते की नाही, हे दुसऱ्या माणसाने बॉनेट उघडून पाहावे. पायाखालील जाड रबरी चटई किंवा वाकलेली सळई यांमुळे तरफ अर्ध्यावरच थांबते, आणि मालक मात्र इंजिनास बोल लावीत राहतो. त्यानंतर हवेची गाळणी पाहावी. ऊसवाहतुकीच्या हंगामात धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीची गाळणी पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी तुंबते. डिझेल गाळणीचेही तसेच.

धूर हा इंजिनाच्या प्रकृतीचा चांगला साक्षीदार आहे. भाराखाली काळा धूर येत असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त होत आहे. गाळणी, नोझल आणि पंप या क्रमाने तपासावे. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. रिंगा व लायनर झिजले असावेत किंवा व्हॉल्व्हच्या वाटेने तेल आत उतरत असावे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर इंधन पुरते जळत नाही किंवा पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे असे समजावे. इंजिन सुरू असता तेल भरण्याचे झाकण उघडून पाहिल्यास झिजलेले इंजिन तेथून जोराने वाफारा टाकते. नक्की निदान मात्र दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजल्यानेच होते. चारांपैकी एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर गाडी एक बैल लंगडत असलेल्या जोडीप्रमाणे चालणार हे उघड आहे.

इंजिन निरोगी असूनही शक्ती चाकापर्यंत पोहोचत नाही, असेही घडते. हातब्रेक ओढून, गाडीपुढे व मागे कोणी उभे नाही याची खात्री करून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. ते फिरतच राहिले तर क्लच प्लेट घसरत आहे. प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. ब्रेक अडकलेला असल्यास चाक जड फिरते आणि ते ओझे इंजिन रात्रंदिवस ओढीत असते. टायरकडेही लक्ष द्यावे. गाडी उंच व रुबाबदार दिसावी म्हणून ७० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ७७ सेंटिमीटर व्यासाचे टायर चढविले, तर चाकाची ओढ एक-अकरांशाने घटते. ज्याने असे टायर बसविले त्याने स्वतःच्या हाताने गाडीचा गिअर वर चढविला आहे, आणि त्याचा उपाय टायर बदलणे हाच आहे, इंजिन बदलणे नव्हे.

मोठ्या इंजिनाचा जोर कोण सोसणार?

इंजिनाचा जोर क्लच, गिअरपेटी, प्रॉपेलर शाफ्ट व त्याचे क्रॉस, डिफरन्शियलचे दाते आणि हाफ शाफ्ट या मार्गाने चाकास मिळतो. वाटेत तो वाढत जातो. वर घेतलेल्या १२ किलोग्रॅम-मीटर टॉर्कच्या इंजिनाचा पहिला गिअर ४ पट असेल तर प्रॉपेलर शाफ्टवर ४८, आणि मागील आसावर २४० किलोग्रॅम-मीटर जोर पडतो. तेथे २० किलोग्रॅम-मीटरचे इंजिन बसविले की हेच आकडे ८० आणि ४०० होतात. शाफ्ट, दाते व बेअरिंगे मात्र जुनीच राहतात, आणि तीही दहा-पंधरा वर्षे वापरलेली. ती पहिल्या दिवशी तुटत नाहीत. भरलेली गाडी चिखलातून काढताना क्लच एकदम सोडला जातो, त्या क्षणी हाफ शाफ्ट पिळवटतो किंवा पिनियनचा दाता उडतो. चढावर हाफ शाफ्ट तुटला तर, ज्या रचनेत शाफ्टच चाकास धरून ठेवतो तेथे, चाक निखळून पडण्याचा संभव असतो.

गिअरपेटीही मोठीच आणली तर? मग तिची लांबी वेगळी निघते, प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो व त्याचा तोल साधावा लागतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे न राहिल्यास तो थरथरतो आणि क्रॉस महिना-दोन महिन्यांत खिळखिळे होतात. जुनी गिअरपेटी ठेवून मधे जोडपट्टी बसविली, तर इंजिनाचा व गिअरपेटीचा मध्य तंतोतंत एका रेषेत आणावा लागतो. हे काम डोळ्याच्या अंदाजाने होत नाही, डायल गेजनेच होते. ते ज्या गॅरेजमध्ये नाही तेथे हे काम देऊ नये.

मोठे इंजिन वजनानेही मोठे असते. पुढील पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते, पुढील टायर एका बाजूने झिजतात. तेलाची टाकी, म्हणजे संप, पुढील आसावर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर खड्ड्यात आपटते. इंजिनाचे पाये बसविण्यासाठी चासीला ठिकठिकाणी वेल्डिंग केले जाते. जुन्या, गंजलेल्या चासीत पुढे तेथूनच तडा जातो.

थंडाव्याचा प्रश्न तर बहुधा शेवटी लक्षात येतो. डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागाचेच काम होते. बाकीची उष्णता पाणी व धुराड्यावाटे बाहेर टाकावी लागते. जुना रेडिएटर जुन्या इंजिनाच्या हिशेबाने बनविलेला असतो. जागा अपुरी पडली म्हणून पंखा रेडिएटरपासून दूर गेला किंवा त्याभोवतीचे कडे काढून टाकले, तर एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी भरल्या गाडीने चढ चढताना पाणी उकळणारच.

आणखी एक बारकावा असा आहे की त्याची उपेक्षा प्राणघातक ठरू शकते. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचे पेडल हलके व्हावे म्हणून निर्वाताच्या साहाय्याने चालणारा बूस्टर असतो. पेट्रोल इंजिनात हा निर्वात इंजिनाच्या शोषणनळीतून आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही. त्यासाठी वेगळा निर्वात पंप असतो आणि अनेक इंजिनांवर तो अल्टरनेटरला जोडलेला असतो. इंजिन बदलताना अल्टरनेटर दुसरा बसला, पंप राहून गेला किंवा त्याची नळी व तेलाची जोडणी नीट झाली नाही, तर गाडी सुरेख धावते आणि ब्रेकच्या वेळी पेडल दगडासारखे कठीण लागते. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत संगणकपेटी, संवेदक व तारांचा संपूर्ण संच यांवाचून इंजिन सुरूच होत नाही. भंगारातून केवळ इंजिनाचा लोखंडी ठोकळा आणून भागत नाही.

माल घाट चढतो की उतरतो?

मोठ्या इंजिनाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने आपला माल कोणत्या दिशेस जातो हे प्रथम पाहावे. नाशिक भागातील द्राक्षे व भाजीपाला मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरतो. जुन्नर, नारायणगाव भागातील टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे नेला तर तोही उतरतो. चढ आहे तो परतीच्या वाटेवर, आणि परत येताना गाडी बहुधा रिकामी किंवा अर्धी भरलेली असते. देशावरील शेतकऱ्याची खरी परीक्षा भरल्या गाडीने उतार उतरण्याची आहे, आणि त्या परीक्षेत इंजिनाची अश्वशक्ती उपयोगी पडत नाही. कोकणातील आंबा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे जातो, तेथे भरली गाडी चढते हे खरे. परंतु परत तीच गाडी खत, सिमेंट किंवा किराणा भरून उतरते.

उताराचे गणितही पाहण्यासारखे आहे. तीच २,५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर घर्षणात जाणारा भाग वजा करूनही इतकी उष्णता निर्माण होते की तीस लिटरांहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीस यावे. इंजिनाने व हवेने जेवढी रोखून धरली तेवढी सोडून ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापला की अस्तराची पकड सुटते. ब्रेकचे तेल जुने असेल तर त्याने हवेतील ओल शोषलेली असते. ते उकळून नळीत बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ होऊन तळाशी जाते. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची शक्ती चौपट लागते. मोठे इंजिन बसविल्यावर चालक ४० च्या जागी ६० ने जाऊ लागतो आणि मालक पाच जाळ्या जास्त भरू लागतो. ब्रेक मात्र तेच राहतात.

यासाठी ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून खालच्या, उतरावे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय सर्वस्वी चुकीची आहे. गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीत चालकाने पाय काढला की गव्हर्नर इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन फिरते ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. बचत तर होत नाहीच, पण इंजिनाचा आधार मात्र जातो. ब्रेकचे तेल दोन वर्षांतून एकदा बदलावे आणि अस्तरांची जाडी हंगामापूर्वी पाहावी.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक, सिलिंडरांची संख्या, घन क्षमता, अश्वशक्ती व गाडीचे रिकामे वजन हे सर्व नमूद असते. मोठे इंजिन बसविल्याने यांतील जवळजवळ प्रत्येक नोंद बदलते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयातही हे कलम याच अर्थाने लावले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अवैध फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पिकअप हे मालवाहू वाहन असल्याने तिला योग्यता प्रमाणपत्रही लागते, आणि त्या तपासणीत इंजिन क्रमांक पाहिला जातो. अपघात झाल्यास विमा कंपनी फेरबदलाकडे बोट दाखवून भरपाई नाकारण्याचा संभव असतो. अशा वेळी जखमी झालेल्याची देणी मालकाच्या जमिनीवर येऊ शकतात, हे मिस्त्रीच्या हिशेबात कोठेच धरलेले नसते.

जुन्याच जातीचे इंजिन

तपासणीत इंजिन खरोखर झिजलेले निघाले तर दोन मार्ग मोकळे राहतात. पहिला मार्ग त्याच इंजिनाचे संपूर्ण काम करून घेण्याचा आहे: लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे नवी, व्हॉल्व्ह घासून बसविलेले, नोझल व पंप यंत्रावर तपासून जुळविलेले. पंपाचे काम सोडून केवळ रिंगा बदलणे ही काटकसर महाग पडते. पंपाचा स्क्रू पिळून इंधन वाढवून देणाऱ्या कारागिराकडेही जाऊ नये; गाडी चार दिवस जोरात चालते, काळा धूर सोडते आणि पिस्टन वितळतो.

इंजिनाचा ठोकळाच तडकला असेल तर दुसरा मार्ग त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसविण्याचा. येथेही नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक असल्याने काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. गाडीवर बँकेचे कर्ज असल्यास बँकेची लेखी संमती घ्यावी. बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत तो कळवून प्रमाणपत्रात नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावयाचा असतो. वापरलेले इंजिन घेताना विक्रेत्याकडून क्रमांकासह पक्की पावती मागावी, आणि ठोकळ्यावरील क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसल्यास किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये. शक्य तर ते सुरू करून, गरम होईपर्यंत चालवून, धूर व तेलाचा दाब पाहूनच पैसे द्यावेत.

काम झालेल्या इंजिनास पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत पूर्ण भार देऊ नये, घाटाची खेप टाळावी आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये. त्यानंतर तेल व तेलाची गाळणी बदलावी, पाण्याच्या नळ्यांचे पट्टे व इंजिनाच्या पायांचे बोल्ट पुन्हा आवळावेत. सिलिंडर हेडचे बोल्ट मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेत तसे सांगितले असेल तरच, तिने दिलेल्या क्रमाने व तितक्याच जोराने कसावेत.